बेवारस धूर

भोगमाळात सुवर्णा तोडकरसमोर बिडी पेटवायची कुणाची छाती नव्हती. सरपंचाची नव्हती, आणि पिऊन आल्यावर साक्षात पोलिसाशी वाद घालणाऱ्या बंडू गुरवाचीही नव्हती. गावच्या धूरबंदी मंडळाची ती अध्यक्ष. काजूच्या कारखान्यातून सुटून घरी निघालेली ही बाई, पारावर धूर दिसला की वाट सोडून तिकडे वळायची. काजूच्या चिकानं काळी पडलेली बोटं ओढणाऱ्याच्या नाकासमोर नाचवायची आणि विचारायची, "माझी पोरगी बघितलीस काय? आदी बघून ये जा. मग वढ."

पोरगी सगळ्यांनीच बघितली होती. मनस्वी, वय वर्षे चौदा. चार पायऱ्या चढली की भिंत धरून उभी राहायची. तिची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती, जुन्या रबरासारखी. जन्मात कधी तिनं बिडी हातात धरली नव्हती. मग हे आलं कुठून, असं कुणी विचारायच्या आत सुवर्णाच सांगून टाकायची, "बापाकडनं. दुसरं कोन हाय घरात वढणारं?"

बाप म्हणजे सर्जेराव, वीज कंपनीत वायरमन. पोरीचा खोकला हटेना, तेव्हा सुवर्णानं त्याचं अंथरूण उचलून ओढ्यापलीकडच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोपीत नेऊन टाकलं होतं. त्याला आता चार वर्षं झाली. तो रोज संध्याकाळी जेवायला यायचा, अंगणातच बसायचा. फाटकाची कडी वाजली की आतून आरोळी यायची, "मनस्वी, खिडकी लाव! धूर आला." खिडकी लागायची. सर्जेराव मान खाली घालून भाकरी मोडायचा. काही दिवस त्यानं सांगून पाहिलं होतं, की अगं मी सोडली बिडी. सुवर्णा म्हणायची, मग घरात वास कशाचा येतोय? आणि वास येत होता हे खरंच होतं.

मंडळाची बैठक सुवर्णाच्याच अंगणात भरायची. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका यायच्या. पुरुषांच्या नावानं यथेच्छ बोटं मोडून झाली की कुणीतरी कनवटीची डबी काढायची आणि ती हातोहात फिरायची. डबीत मिश्री. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, कुटायचं, आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना चोळायचं. आजीनं चोळली, आईनं चोळली, लेक चोळते आहे. शहरांत सिगारेटची दुकानं केव्हाच बंद झाली होती, बिडी चोरून विकली जात होती, पण मिश्रीकडे ना सरकारचं लक्ष गेलं, ना मंडळाचं. धूर म्हणजे पुरुषाच्या तोंडातून निघतो तो. तव्यावरून निघतो त्याला कुणी धूर म्हणत नव्हतं, त्याला वास म्हणत. आणि तोही चांगला वास.

सुवर्णाही सुट्टीच्या दिवशी भाजायची. मागच्या सोप्यात चूल होती, कारण पान गॅसवर करपतं, त्याला निखाराच लागतो. मनस्वी पाळण्यात होती तेव्हापासून तिथंच असायची. मोठी झाली तशी पाटावर बसून सांडशीनं पानं उलटायला लागली. आणि सर्जेरावाचा धूर आत येऊ नये म्हणून सुवर्णा आधी सगळी दारं-खिडक्या घट्ट लावून घ्यायची.

*

गडहिंग्लजच्या दवाखान्यात धूरपारखी यंत्र आलं, तेव्हा मनस्वीचा नंबर पहिल्याच महिन्यात लागला. डॉक्टर नाझनीन मुल्ला समजावून सांगण्यात हुशार होत्या. समोर वायरमन आणि काजू सोलणारी बाई बसली आहे म्हणून त्यांनी काही गाळलं नाही.

"आपल्या फुप्फुसात राखणदार पेशी असतात," त्या म्हणाल्या. "आत आलेली काजळी त्या गिळतात. पण काजळी पचत नाही. पेशी मरते, दुसरी तिला गिळते, काजळी तिथंच राहते. मूल वाढतं तसं फुप्फुस नव्या खोल्या बांधतं. कुठल्या खोलीत कुठली काजळी साठली, यावरून ती कुठल्या वयात आली ते आम्हाला वाचता येतं."

"आणि कुणाची, ते?" सुवर्णानं विचारलं. ती याच प्रश्नासाठी आली होती.

"तेही. धूर माणसाच्या छातीतून फिरून बाहेर पडतो ना, तेव्हा त्या माणसाच्या फुप्फुसातली एक पातळ साय त्या कणांना चिकटून येते. प्रत्येकाची साय निराळी. म्हणजे ओढणारा आपली सहीच करून धूर सोडतो म्हणा."

सुवर्णानं नवऱ्याकडे बघितलं. आता काय करशील, असं ते बघणं होतं. सर्जेराव खुर्चीच्या कडेला बसला होता, कधीही उठायला सांगतील अशा बेतानं.

हे वाचन नुसतं दोष काढायला नव्हतं. परधूर कायद्यानं ते सक्तीचं होतं. मनस्वीच्याच पेशी वाढवून त्यांचं नवं अस्तर तिच्या फुप्फुसात पेरायचं होतं. ही पेरणी रुजायला वर्ष लागतं, आणि तेवढ्यात जराशी काजळी आत गेली तरी कोवळं अस्तर जळून जातं. सुरुवातीला कितीतरी मुलांच्या पेरण्या अशाच वाया गेल्या होत्या, कारण ओढणारा बाप किंवा काका त्याच घरात होता. म्हणून नियम झाला, की फुप्फुसातल्या प्रत्येक धुराला मालक हवा. मालकानं पोर सज्ञान होईपर्यंत घरापासून लांब राहायचं. मालक ठरल्याशिवाय पेरणी नाही, आणि एकदा वाया गेली तर दुसरी पेरणी नाही.

डॉक्टरांनी पडद्यावर फुप्फुसाचं चित्र आणलं. आत पिवळे ठिपके होते, अगदी मधल्या भागात.

"ही बिडी. सही तुमच्या यजमानांची. पण मुलगी तीन वर्षांची असताना ती थांबली आहे."

"थांबली?" सुवर्णा म्हणाली.

"त्यानंतर एकही कण नाही. लाकडाचा धूर आहे थोडा, तो सगळ्यांच्यात असतो. आणि मग हे."

त्यांनी बोट फिरवलं आणि सगळं चित्र काळं झालं. मधून कडेपर्यंत, तान्हेपणापासून आजपर्यंत.

"तंबाखूच आहे. पण पेटवलेला नाही. बिडीच्या टोकाला आठशे-नऊशे अंश उष्णता असते. हा त्याच्या निम्म्याहूनही कमी उष्णतेवर, लोखंडावर, हळूहळू भाजलेला आहे. आणि हा कुणाच्या छातीतून गेलेला नाही, म्हणून यावर सहीच नाही. यंत्राच्या भाषेत बेवारस धूर." डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमच्या घरात मिश्री भाजतं कोण?"

सुवर्णाच्या हिरडीला सकाळची मिश्री अजून झणझणत होती. तिनं तोंड घट्ट मिटलं. तिला आठवला तो पाट, सांडशी धरलेला इवलासा हात, आणि तिनं स्वतः सरकवलेल्या कड्या. वास कशाचा येतोय, असं इतकी वर्षं ती ज्याला विचारत होती, तो शेजारच्या खुर्चीत बसला होता. बोलायला हवं होतं. बोललं तर मात्र घर सुटणार होतं, आणि पलीकडच्या पडद्याआड झोपलेली पोरगी सुटणार होती.

"मी भाजतो," सर्जेराव म्हणाला.

डॉक्टरांची नजर सुवर्णाच्या मिटलेल्या ओठांवर होती. "तुम्ही? मिश्री तर बायका लावतात."

"लावतात बायका. पर भाजतो मी. तिचे हात चिकानं सोललेले असत्यात, निखारा सोसत न्हाई तिला. म्हणून मीच भाजतो सुट्टीला. लिवा तुमी."

पडद्याआड मनस्वीला आत्ताच जाग आली होती; शेवटचं "लिवा तुमी" तेवढं ऐकून तिचा आवाज आला. श्वास घेत घेत, तुटक. "बिडी सोडली म्हणायचात... आणि धूर तुमचाच व्हय बाबा?"

सर्जेरावानं पडद्याकडे पाठ केली. सुवर्णाचे ओठ मिटलेलेच होते. डॉक्टरांनी लिहून घेतलं. दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचा अधिकार कायद्यानं त्यांना दिला नव्हता.

बाहेर चहाच्या गाड्यापाशी सुवर्णा म्हणाली, "अवो, तुमी असं कसं..."

"कसं म्हंजी? तिला रातीला कूस बदलाय उठवावं लागतंय. ते मी करणार हाय काय? पोरीला आई पायजे." त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "मी तसाबी भाईरच हाय. आता अंगणात यायचं न्हाई, एवढंच."

"मला ठाव नव्हतं वो. आईची आन."

"मला तरी कुटं ठाव हुतं? मिश्रीला धूर कोन म्हणतंय?" तो गाडीत बसायच्या आधी एकदा वळला. "तू फकस्त भाजू नगंस आता."

*

तिनं भाजणं सोडलं, लावणंही सोडलं. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, कारखान्यात काजू सोलताना हात थरथरायचे. तवा तिनं ओढ्यात नेऊन फेकला. सोपा शेणानं नाही, साबणानं तीनदा धुतला. हे सगळं तिनं गुपचूप केलं. मंडळाच्या बायकांना सांगितलं, दाढ दुखते आहे म्हणून लावत नाही.

पेरणी लागली. चार महिन्यांत मनस्वी अंगणाच्या टोकापर्यंत न थांबता चालायला लागली. आठव्या महिन्यात ती फाटकावर चढून बसली आणि सुवर्णाला ओरडायचंही भान राहिलं नाही, इतकी ती बघत राहिली. सुखाचे दिवस होते ते, आणि त्या सुखात एक कुसळ होतं. सर्जेराव रोज फोन करायचा. मनस्वी उचलायची नाही.

"बोल की गं," सुवर्णा म्हणायची. "बाप हाय तुझा."

"तूच म्हणत हुतीस, धूर आला म्हणून. बरोबर म्हणत हुतीस तू."

यावर सुवर्णा भाकरी थापायला लागायची. किती वेळा तिच्या ओठांपर्यंत आलं. पण पोरगी रात्री कुशीत येऊन झोपायची, छातीतला घरघराट जवळजवळ गेलेला असायचा, आणि सुवर्णा स्वतःला समजवायची, रुजू दे आधी, मग सांगू.

नवव्या महिन्यात पुन्हा वाचन झालं. डॉक्टर मुल्लांनी पडद्यावरचं चित्र मोठं करून बघितलं. नव्या गुलाबी अस्तरावर काळे ठिपके पडले होते. फार नव्हते, पण ताजे होते. एका कोपऱ्यातलं अस्तर सुकून गेलं होतं.

"पुन्हा तोच धूर. बेवारस," डॉक्टर म्हणाल्या. "घरात कोण धूर करतंय?"

"कोन न्हाई! पोरीच्या गळ्यावर हात ठेवून सांगते डॉक्टर, निखारासुदीक न्हाई घरात." आणि हे अक्षरशः खरं होतं.

"मग यजमान येतात का?"

"येत असणार," मनस्वी म्हणाली. "चोरून."

"तसं असेल तर मला परधूर कायद्याच्या पथकाला कळवावं लागेल. त्यांना तालुक्याबाहेर पाठवतील."

"पाठवा," मनस्वी म्हणाली. केवढी सहज म्हणाली. सुवर्णाला आपलाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

तिनं डॉक्टरांकडे आठवड्याची मुदत मागितली. मुदत मिळाली, पण डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. धूर थांबला नाही, तर आठवड्याआठवड्यानं अस्तर जात राहील, आणि पावसाळा संपायच्या आत पोरगी होती तिथं परत येईल. तिथून पुढं काही हाती राहणार नाही.

*

त्या दिवशी गावात गाडीतून उतरल्यावर सुवर्णा गल्लीच्या तोंडाशीच थबकली. कारखान्याच्या सुट्टीचा दिवस. दुपार. प्रत्येक परड्यातून भाजलेल्या पानाचा वास येत होता. एवढी वर्षं तो तिला कधी खटकला नव्हता, कारण ती स्वतः त्यातच बसलेली असायची. आज तो नाकात सुईसारखा घुसला. त्यांच्या घराची मागची भिंत आणि अक्काताई चौगुल्यांची भिंत एकच होती. वर कौलांखाली हात जाईल एवढी फट. ती मागं जाऊन बघते, तर फटीतून निळसर पट्टा आत, मनस्वीच्या खोलीकडे जात होता.

"अक्काताई!" ती मागच्या दारानं आत शिरली. "इजव ते. इजव आदी!"

अक्काताई ही मंडळाची खजिनदार. तोंडात बोट तसंच ठेवून ती म्हणाली, "का गं? काय झालं?"

"पोरीला बाधतोय त्यो धूर."

"मिश्रीचा?" अक्काताई मोकळेपणानं हसली. "खुळी का काय तू? मिश्रीनं कुटं रोग हुतो व्हय? आमच्या आत्तीनं नव्वद वर्सं लावली. तुझ्या पोरीला नवऱ्याच्या बिडीनं झालं. तूच तर गावभर सांगितलंस की."

ती दुसऱ्या घरी गेली, तिसऱ्या घरी गेली. सगळीकडे तेच, तिचंच बोलणं तिला परत मिळालं. तिनं ते इतकं चांगलं पटवून दिलं होतं की आता ते कुणाच्या डोक्यातून निघत नव्हतं. डॉक्टरला बोलावून भाषण ठेवलं असतं, तर बायका चहा पिऊन घरी गेल्या असत्या आणि पान भाजायला बसल्या असत्या. त्यांना पटेल असं एकच होतं. ते काय, हे तिला दुसऱ्या घराच्या पायरीवरच कळलं होतं. पुढची घरं तिनं केवळ टाळाटाळ म्हणून पालथी घातली.

दोन दिवसांनी तिनं मंडळ बोलावलं. तिच्याच अंगणात. मनस्वी नेहमीसारखी खिडकीत येऊन बसली. आईचं भाषण तिला आवडायचं.

बायका जमल्या, डबी निघाली. सुवर्णा उभी राहिली, पण नेहमीसारखा हात काही वर गेला नाही. तिनं खिडकीकडे पाठ केली, तरी खिडकी तिला दिसत राहिली.

"माझ्या पोरीच्या छातीत बिडी न्हाई," ती म्हणाली. "मिश्री हाय. माझी. मनस्वीचा बा ती तीन वर्साची असताना बिडी सोडून मोकळा झाला. मशीननं सांगितलं. घरात वास यायचा त्यो माझ्या तव्याचा. त्येनं दवाखान्यात खोटं सांगितलं की मी भाजतो म्हणून, आणि मी गप बसले. पोरीपाशी ऱ्हायाचं हुतं मला. दारं लावून, कड्या घालून, माझ्या हातानं मी तिला..."

पाळण्यातलं नातवंड मांडीवर घेऊन आलेल्या एका म्हातारीनं त्याच्या नाकावर उगीचच पदर धरला.

"आता तुमचा येतोय," सुवर्णा म्हणाली. "कौलाखालनं. नवं लावल्यालं जळालंय एका कोपऱ्यात. मी हात जोडते. लावा, खावा, काय बी करा. पर भाजू नगा गं. ज्यांच्या घरात पोरं हाईत त्यांनी तर नगाच."

अक्काताईनं बोट तोंडातून काढलं, ते लुगड्याला पुसलं, आणि डबी हातात घेऊन तशीच बसून राहिली. कुणी रागावलं नाही, कुणी धीरही दिला नाही. एकेक करून बायका उठल्या. जाताना प्रत्येकीनं खिडकीकडे एकदा पाहिलं. सुवर्णानं नाही पाहिलं. ते तिला जमलं नाही.

*

पथकाच्या बाईनं जबाब घेतला. खरं लपवलं म्हणून वेगळी कारवाई होणार होती, ती पुढं होईल तेव्हा होईल. सर्जेरावाचं अंथरूण घरात आलं आणि सुवर्णाचं खोपीत गेलं. खोपीत तिनं सवयीनं कोपरेन् कोपरा धुंडाळला. बिडीचं एक थोटूक सापडलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं. सापडलं नाही.

कायद्यानं तिला अंगणात यायची बंदी होती. रस्त्यावर उभं राहायला हरकत नव्हती. कारखान्यातून येताना ती रोज फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला थांबायची. सर्जेराव बाहेर येऊन सांगायचा, जेवली, झोपली, आज खोकली नाही, आज खोकली. राहिलेलं अस्तर टिकेल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हत्या. गल्लीतले तवे काही जणींनी ओढ्यापलीकडे नेले होते. काही जणी अजून चोरून भाजत असाव्यात. पूर्वी चोरून बिडी ओढायचे तसं.

एका संध्याकाळी सर्जेराव म्हणाला, "आज वास न्हाई बघ गल्लीला. कुटंच न्हाई."

सुवर्णानं खोल श्वास घेतला. खरंच नव्हता.

"बोलते काय ती माझ्याविषयी?"

सर्जेरावानं फाटकाची कडी चाळवली. "इचारते कधी मधी, कुटं झोपती म्हणून. थांब, मी बोलावतो तिला."

तो आत गेला. खिडकीचे गज दिसत होते, त्यामागं दिवा होता. मनस्वी आली. गजाला धरून उभी राहिली. आईकडे तिनं नीट, सावकाश पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तसलं काही नव्हतं. सुवर्णाचा हात आपोआप अर्धा वर झाला. कामावरून आलेली ती तशीच होती. साडीला दिवसभराच्या काजूच्या भट्टीचा वास होता, आणि वारा तिच्याकडून घराकडे वाहत होता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हाच मनस्वीच्याही आलं असावं. लहानपणापासून शिकवलं होतं तशी पोरीनं आधी एक फळी ओढली, मग दुसरी, आणि आतून कडी घातली.

सुवर्णा रस्त्यावर उभीच राहिली. मग बंद खिडकीला ती हळूच म्हणाली, "लाव बाई. घट्ट लाव."